विज्ञानकथेतील काल्पनिक चलन : या चुका टाळा

विज्ञानकथा लिहिणारे यानाच्या इंजिनावर, ग्रहाच्या वातावरणावर आणि परग्रहवासीयांच्या शरीररचनेवर बारकाईने विचार करतात. पैशाचा प्रश्न मात्र बहुधा ‘क्रेडिट’ या एका शब्दात मिटवला जातो. ते क्रेडिट कोणी काढले, समोरच्याने ते का स्वीकारले आणि कोण ते स्वीकारणार नाही, याची उत्तरे लेखकाकडे नसतील, तर कथेतला प्रत्येक व्यवहार, मग ती लाच असो, कर्ज असो की खंडणी, पोकळ वाटू लागतो. चलन हे कोणीतरी दिलेले आणि इतरांनी मानलेले वचन असते. त्या वचनाचा अंमल जिथे संपतो, तिथे कथेला खरा संघर्ष सापडतो.

सगळ्या आकाशगंगेला एकच चलन

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. प्रकाशाला पृथ्वीपासून मंगळापर्यंत पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, तर सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत, सुमारे ४.२ वर्षे लागतात. एखाद्याने आपली सगळी शिल्लक इथे खर्च केली आणि त्याच्या साथीदाराने त्याच दिवशी तीच शिल्लक प्रॉक्सिमाजवळ खर्च केली, तर ही लबाडी उघडकीस यायला किमान चार वर्षे जातील. अशा विश्वात सर्वत्र तत्काळ चालणारे इलेक्ट्रॉनिक खाते शक्यच नाही.

यावरचा उपाय जुन्या व्यापारात आहे. प्रत्येक ग्रहमालेचे चलन वेगळे ठेवावे आणि त्यांच्यामधला व्यवहार मुदती हुंडीसारख्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर ठरावीक रक्कम देण्याचे लेखी वचन असलेल्या, कागदावर चालवावा. हुंडी वटवणारा ती लिहिणाऱ्या पेढीच्या पतपात्रतेवर विसंबतो, आणि यान पोहोचेपर्यंत ती पेढी बुडालेली असू शकते. एवढ्या एका शक्यतेवर संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते. तुमच्या विश्वात याने प्रकाशापेक्षा वेगाने जातात, पण संदेश जात नाहीत, असे असेल तर टपाल नेणारे यान ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती सावकारी जाईल. संदेशही तत्काळ पोहोचत असतील, तर एकच चलन भौतिकदृष्ट्या जमेल. मात्र खाणींच्या ग्रहाला आणि शेतीच्या ग्रहाला एकच व्याजदर मानवेल असे समजू नये. समान चलन आणि स्वतंत्र अर्थसंकल्प यांतून केवढा ताण निर्माण होतो, हे युरो हे समान चलन वापरणाऱ्या ग्रीसच्या २००९ नंतरच्या कर्जसंकटाने दाखवून दिले आहे.

व्याज कोणत्या घड्याळाने मोजायचे, हा प्रश्नही इथेच येतो. प्रकाशाच्या वेगाजवळ गेलेल्या यानातले घड्याळ ग्रहावरच्या घड्याळापेक्षा हळू चालते. त्यामुळे प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने प्रॉक्सिमापर्यंत जाणाऱ्या यानाचा प्रवास ग्रहावरील घड्याळानुसार सुमारे ४.७ वर्षांचा, पण प्रवाशांच्या घड्याळानुसार सुमारे २ वर्षांचा असेल. दरसाल ५ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतलेल्या १,००० नाण्यांचे पहिल्या हिशोबाने सुमारे १,२५६ आणि दुसऱ्या हिशोबाने सुमारे १,१०४ होतात. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७८ मध्ये आंतरतारकीय व्यापारावर लिहिलेल्या निबंधात व्याज ग्रहांच्या घड्याळानुसारच मोजावे लागेल, असे दाखवले आहे, आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे : सावकाराचे पैसे तितकी वर्षे अडकलेले असतात. कर्जदार कप्तानाला हे पटणार नाही, आणि त्याचे न पटणे कथेत जरूर दिसावे.

दुर्मीळ वस्तूचा भाव कायम धरणे

सोन्याची नाणी ठेवताना हे विश्व लघुग्रहांवर खाणकाम करते, हे लेखक विसरतात. सायकी या धातुसमृद्ध लघुग्रहाकडे तर २०२३ मध्येच आपल्या काळातील एक यान रवाना झाले आहे. तंत्रज्ञान दुर्मिळता कशी पुसून टाकते, याचे उत्तम उदाहरण ॲल्युमिनियमचे आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाचे टोक या धातूचे बसवले, तेव्हा तो चांदीच्या तोडीचा मानला जाई. १८८६ मध्ये विद्युत-अपघटनाची स्वस्त पद्धत सापडली आणि काही वर्षांतच त्याचा भाव कोसळला. तुमच्या जगात पदार्थाची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र असेल, तर ज्याची प्रत निघत नाही असेच काही चलन म्हणून चालेल, आणि प्रत का निघत नाही याचे कारण लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

ऑक्सिजन, पाणी किंवा ऊर्जा यांना चलन करण्याची कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ही चलने वापरली की संपतात, म्हणून संकटाची चाहूल लागताच लोक ती दडवून ठेवतील आणि नेमका तेव्हाच बाजार ठप्प होईल. हा दोष झाकू नये. कथानक त्याच्यावरच रचावे.

खोटी नाणी, भाव आणि नावे

चलन कोणालाही सहज बनवता येत असेल, तर ते टिकत नाही. चौदाव्या शतकात मुहंमद बिन तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या मोलाची तांब्या-पितळेची नाणी काढली, ती लोकांनी घरोघरी पाडली आणि अखेर सुलतानाला ती मागे घ्यावी लागली. याउलट, प्रत्येक व्यवहाराची नोंद होणारे चलन असेल, तर तस्कराला मोबदला कसा मिळतो, हे आधी ठरवावे लागते.

भावांची विसंगती मात्र सहज दुरुस्त होते. एका कुशल कामगाराची दिवसाची मजुरी हे माप धरून जेवण, भाडे, प्रवास आणि यान यांच्या किमतींचा छोटा तक्ता करावा व मसुद्यातील प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. जेवणाला दोन दिवसांची मजुरी लागत असेल, तर त्या ग्रहावर उपासमार दिसली पाहिजे. नावांबद्दल एवढेच, की सरकारी नाव आणि गोदीतल्या हमालांच्या तोंडचे नाव वेगळे असावे.

हा सगळा विचार पानभर स्पष्टीकरण म्हणून कथेत उतरवू नये. पूर्ण झालेल्या मसुद्यात दुकानदार पैसे नाकारतो असा एक तरी प्रसंग आहे का, हे पाहावे. नसेल, तर जिथे पैशाचा पहिला व्यवहार होतो, तिथेच तो घालावा आणि नकाराचे कारण दुकानदाराच्या तोंडून एका वाक्यात येऊ द्यावे.