ग्रँड कॅन्यन उतरताय? या चुका टाळा

गड चढताना दम लागला की आपण मागे फिरतो. परतीचा रस्ता उताराचाच असतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत सगळं उलटं. ताज्या पायांना उतार आणि दमलेल्या पायांना चढ. साउथ कैबाब ट्रेल सुरू होते 2,213 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. तिथून सुमारे 11 किलोमीटरच्या वाटेत जवळजवळ 1,450 मीटर उतरून कोलोराडो नदी गाठायची.

त्यामुळे "अजून थोडं खाली जाऊ" हे वाक्य इथे सगळ्यात महागात पडतं. उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरा. एका दिवसात नदीला हात लावून परत यायचा बेत तर नकोच. खाली तंबूत मुक्काम करायला परमिट लागतं, ते आधीच काढा.

माझी चूक बुटांची. दुकानात सपाट फरशीवर चालून पाहिलं, अगदी मापात बसले. स्केलेटन पॉइंटच्या पुढे ओंडक्यांच्या प्रत्येक पायरीवर अंगठे बुटाच्या टोकावर आदळायला लागले. संध्याकाळी मोजे काढले तेव्हा दोन्ही नखं जांभळी. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं दोन दिवस आधी कापा आणि उतरताना नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठ्याही उताराला थोड्या लांब करा.

साउथ कैबाबवर पाणी नाही, सावलीही जवळजवळ नाही. ब्राइट एंजल या दुसऱ्या वाटेवर नळ आहेत, पण काही हिवाळ्यात बंद असतात आणि पाइपलाइनही अधूनमधून फुटते. निघायच्या दिवशी चौकशी कराच. नुसतं पाणी ढोसणंही घातक. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, मग बरळणं. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलंय, म्हणून तो आणखी पाणी पाजतो! खारे दाणे, ओआरएस सोबत ठेवा आणि भूक नसली तरी खात राहा.

उन्हाळ्यात तळाशी पारा सहज 40 अंशांच्या वर जातो. वरच्या कड्यापेक्षा 11 अंशांपर्यंत जास्त. दहा ते चार चालू नका. ब्राइट एंजल ओढ्यात शर्ट भिजवून अंगात घाला. मुख्य नदीत मात्र उतरू नका. पाणी गारठवणारं आणि ओढ जबरदस्त.

खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरकून स्तब्ध उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल ते ऐकायचं.

आणि हो, खारी. कॅम्पवर खाण्यासाठी लोखंडी डबे असतात. मी चिक्कीचा नुसता कागद सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. चेन उघडायची तसदी खारीने घेतली नाही.