गाडी एकाच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या: हे कसे निस्तरावे

मोटारीचा विमा ज्याने काढला तो आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचे नाव आहे तो, या दोन व्यक्ती वेगळ्या असल्या तरी हप्ता भरताना काहीच अडत नाही. अडते ते दावा दाखल करताना. म्हणून आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून मालकाचे नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक अक्षरागणिक ताडून पाहावेत.

वडिलांच्या नावावर गाडी आणि विमा दोन्ही असताना ती मुलगा चालवत असेल, तर त्यात गैर काही नाही. त्याच्याकडे वैध परवाना असला की पुरे. गाडी आपणच वापरतो म्हणून पॉलिसी स्वतःच्या नावावर काढणे मात्र चूक आहे, कारण नोंदणी ज्याची, गाडीचे नुकसान त्याचेच धरले जाते.

खरा घोळ होतो तो जुन्या गाडीच्या खरेदीत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 157 नुसार मालकी बदलताच पॉलिसीही नव्या मालकाकडे गेली असे मानले जाते आणि त्याने 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. परंतु हे आपोआप होणारे हस्तांतर तृतीय पक्षाच्या जोखमीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आपल्या गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याला भरपाई मिळेल, पण चेपलेल्या बॉनेटचा खर्च आपल्याच खिशातून जाईल.

त्यामुळे आरटीओत मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30 दिल्यावर तेवढ्यावर न थांबता, जुनी पॉलिसी, विकणाऱ्याची लेखी संमती आणि हस्तांतराची कागदपत्रे जोडून कंपनीकडे लगेच अर्ज करावा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) माणसाचा असतो, गाडीचा नव्हे; विकणाऱ्याला 50 टक्के सवलत मिळत असेल, तर तिचा उरलेल्या मुदतीपुरता फरक नव्या मालकाला भरावा लागतो. ही रक्कम वाचवण्यासाठी नावबदल लांबवणारे लोक मी पाहिले आहेत आणि तो हिशेब मला कधीच पटलेला नाही. एजंटाने ‘टाकलंय सिस्टिममध्ये’ असे सांगितले तरी नव्या नावाचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतील बदलाची लेखी नोंद, हाती येईपर्यंत काम झाले असे समजू नये.

विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईसाठी मालक मानला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो.

मालकाचे निधन झाल्यास वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्यासाठीचा फॉर्म 31 भरावा, आणि विमा कंपनीलाही त्याच सुमारास कळवावे.

शेवटी पॉलिसीतील ‘ओनर-ड्रायव्हर’ (स्वतः गाडी चालवणारा मालक) वैयक्तिक अपघात संरक्षणाच्या अटी वाचाव्यात. या संरक्षणाची 15 लाख रुपयांची रक्कम मिळण्यासाठी मृत वा जखमी व्यक्ती नोंदणीकृत मालक असावी लागते, पॉलिसीत तिचेच नाव असावे लागते आणि तिच्याकडे वैध परवानाही असावा लागतो. मालकाकडे परवानाच नसेल, तर तसे कंपनीला लेखी कळवून या संरक्षणाचा हप्ता वगळून घ्यावा.