एक्सेल छापताना या चुका टाळा: हेडर-फूटरचं मार्जिन

गोव्यात, म्हापशात माझं झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. 'बघत बसू नको, फक्त प्रिंट मार' म्हणत कुणी पेन ड्राइव्ह पुढे केला, की मी मुद्दाम आधी पेज सेटअप उघडतो.

तिथे मार्जिन्समध्ये 'टॉप' आणि 'हेडर' असे दोन आकडे असतात आणि दोन्ही कागदाच्या वरच्या कडेपासूनच मोजायचे. टॉपवर तक्ता सुरू होतो, हेडरवर हेडरचा मजकूर, म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपोआप छापला जाणारा. तसाच पानाच्या तळाशी येतो तो फूटर. मुळात ते 1.9 आणि 0.8 सेंटिमीटर असतात. मधल्या 1.1 सेंटिमीटरात बारीक अक्षराच्या दोन ओळी जेमतेम बसतात. मजकूर वाढला म्हणून एक्सेल तक्ता खाली सरकवत नाही, अक्षरावर अक्षर छापतो.

एका देवस्थानचे खजिनदार शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या सभासदांची, यादी घेऊन आले. हेडर तीन ओळींचं, अक्षर 14चं. जागा पुरेना म्हणून त्यांनी घरीच हेडरचा आकडा 0.8चा 2 केला होता, म्हणजे मजकूर थेट नावांवर उतरवला. तक्त्याच्या सुरुवातीला पाच रिकाम्या ओळीही घातलेल्या, त्या फक्त पहिल्याच पानावर येतात. त्यामुळे पहिलं पान छान दिसत होतं, आणि मी घाईत तेवढंच पाहिलं. 60 प्रती निघाल्या. पुढच्या प्रत्येक पानावरची पहिली तीन-चार नावं वाचताच येईनात. सभेत काय झालं असेल ते गोंयकाराला सांगायला नको. 'बाब, तू तरी बघायचं होतंस,' म्हणाले. खरंच होतं. कागदाचे पैसे मी सोडले.

तेव्हापासून हेडरला मी हात लावत नाही, टॉप वाढवतो. तीन ओळींना 3 सेंटिमीटर. फूटर मोठा असेल तर बॉटम. आणि प्रिव्ह्यूत दुसरं पान बघतो, पहिलं फसवतं.

कागद वाचवायला फूटर 0 करू नका. बहुतेक प्रिंटर कडेपर्यंत छापतच नाहीत, ओळ कापली जाते.

हेडरमध्ये 'जमा & खर्च' लिहिलं तर & गायब होतो. दोनदा टाइप करा.

तक्ता एका पानात कोंबला की हेडरही मुंगीएवढं होतं. 'स्केल विथ डॉक्युमेंट'ची खूण काढा.

रकान्यांची नावं हेडरमध्ये लिहिणाऱ्यांना मी 'प्रिंट टायटल्स' (तक्त्याची वरची ओळ प्रत्येक पानावर आपोआप छापणारी सोय) दाखवतो आणि गप्प बसतो.

मार्जिन प्रत्येक शीटचं वेगळं असतं. बारा महिन्यांच्या बारा शीट्स एकदम निवडून बदला, पण नंतर निवड सोडा. नाहीतर एप्रिलमध्ये टाइप केलेली देणगी बाराही महिने जमा दिसते.