नवा एस्प्रेसो ग्राइंडर पारखायचा कसा

ग्राइंडर चांगला की वाईट हे पहिल्या कपावरून ठरवू नका. पहिला कप बहुतेक वेळा वाईटच येतो. चुकून चांगला आला तर तो जास्त फसवा, कारण मग माणूस पुढची तपासणीच सोडून देतो. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत उभी हयात काढली. तिथे नवं गेज आलं की आधी एकच गोष्ट बघायचो: तेच माप पुन्हा घेतलं तर तेच उत्तर देतं का? उत्तर बरोबर आहे का, हे नंतर. घरच्या ग्राइंडरलाही मी हाच न्याय लावतो. चव, सुगंध, वरचा फेस, सगळं पुढचं. त्याच बिया, तेवढंच वजन, दळणाच्या जाडी-बारीकीची तीच खूण, आणि दळण दर वेळी एकसारखं येतं का, हे आधी.

खोकं फाडण्याआधी यंत्राच्या तळाची पट्टी वाचा. आपल्याकडे २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. इंदूरच्या निम्म्या मराठी घरांचं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं, आणि भाचा प्रेमाने ११० व्होल्टचं यंत्र घेऊन येतो. ते थेट इथल्या प्लगात खुपसलं तर तपासायला काही उरणार नाही. खोकं आणि आतले थर्माकोलचे साचे मात्र जपून ठेवा, यंत्र परत करायची वेळ आली तर लागतील.

तयारीत काटा, बास्केट (एस्प्रेसो मशीनमध्ये दळण भरायची छोटी वाटी) आणि कॉफी या तिन्हींत हयगय चालत नाही. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने उडी मारतो. बास्केटमध्ये अर्धा ग्रॅम कमी-जास्त झाला की शॉटची (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोची) वेळ चांगलीच हलते, पण काटा ते दाखवतच नाही आणि दोष ग्राइंडरच्या माथी जातो. बास्केटचं तर फार लोकांना माहीतच नसतं. घरगुती मशीनबरोबर बऱ्याचदा दुहेरी तळाची बास्केट येते, जिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असतं. दाब ते छिद्र तयार करतं, कॉफी नाही. त्यामुळे कसंही दळलं तरी भरपूर फेस येतो आणि ग्राइंडरची परीक्षा होतच नाही. एकेरी तळाची, जाळीसारख्या छिद्रांची बास्केट वापरा. मशीनबरोबर नसेल तर वेगळी विकत घ्या.

कॉफी एकाच भाजणीची, साधारण अर्धा किलो. पाव किलो पुरत नाही. १८ ग्रॅमच्या हिशोबाने पाव किलोत जेमतेम तेरा शॉट होतात आणि त्यातले बरेच खूण शोधण्यातच जातात. मध्यम किंवा मध्यम-गडद भाजणी घ्या. चिकमगळूर किंवा कूर्गची साधी अरेबिका चालेल. फार फिकट भाजणीच्या बिया टणक असतात, सुरुवातीलाच नको. पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. नुसती ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असेल तर ते पाकीट राहू द्या. भाजून आठवडा-दहा दिवस झालेल्या बिया उत्तम. अगदी ताज्या बियांतून वायू इतका सुटतो की शॉट रोज वेगळा वागतो.

आता यंत्र उघडा. प्लग काढून ठेवा, वरची चकती (बिया दळणाऱ्या दोन दातेरी चकत्यांपैकी एक) सोडवा, कोरड्या ब्रशने आतला भाग झाडून घ्या आणि कोरड्या फडक्याने पुसा. नव्या चकत्यांवर कारखान्यातल्या तेलाचा अंश आणि धातूचा बारीक कीस राहिलेला असू शकतो. पाणी मात्र लावू नका, पोलादी चकत्या गंजतात. मग घरात पडून शिळ्या झालेल्या बिया असतील त्या पाव-अर्धा किलो दळून काढा आणि ते दळण फेका. ओल्या कचऱ्याच्या डब्यात, हे इंदूरकराला वेगळं सांगायला नको. एवढ्यानेही चकत्या पूर्ण रुळत नाहीत. पहिले काही किलो दळून होईपर्यंत खूण हळूहळू सरकत राहते, पण निदान तपासणी सुरू करण्याइतक्या त्या जाग्यावर येतात. या कामाला तांदूळ वापरू नका. कोरडा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा फार कडक असतो, मोटर अडकते आणि तापते. आणि मसाला तर नाहीच नाही. आमच्या लोकमान्यनगरात यंत्र आल्याची बातमी फुटली त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी विचारलं, “भाईसाब, इसमें धनिया पिस जाएगा?” पिसेल की. मग पुढे वर्षभर कॉफीला धण्याचा वास येईल.

यानंतर शून्य शोधायचं. डायलवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. एका यंत्राचा दहा दुसऱ्याचा दहा नसतो, अगदी त्याच मॉडेलच्या दोन यंत्रांतही. आपलं शून्य म्हणजे दोन चकत्या एकमेकींना जिथे जेमतेम टेकतात ती जागा. हॉपर (बिया भरायचं वरचं भांडं) पूर्ण रिकामा करा, मोटर चालू करा आणि जाडी-बारीकी बदलणारी रिंग बारीककडे अगदी सावकाश सरकवा. मोटरच्या सलग घुमण्यात एका ठिकाणी बारीक ‘चिर्र’ मिसळतं, पण तुटक, फेऱ्याफेऱ्याला एकदा. ही झाली पहिली टेकणूक. आणखी केसभर पुढे गेलात की तेच चिर्र सलग होतं. लगेच मागे फिरा, मोटर बंद करा, आणि पहिल्या चिर्रच्या जागी पेन्सिलीने खूण करा. तुटक ते सलग या दोन आवाजांमधलं अंतर लक्षात ठेवा. जितकं कमी, तितक्या चकत्या समांतर. चकत्या सिरॅमिकच्या असतील किंवा माहितीपुस्तिकेत असं करायला मनाई असेल, तर हे सोडून द्या. हातचक्की असेल तर दांडा फिरेनासा होतो तिथे शून्य.

एस्प्रेसोची जागा या शून्यापासून थोडी जाडसर बाजूला असते. दळण चिमटीत घेऊन चोळा: मैद्यापेक्षा खरखरीत आणि बारीक रव्यापेक्षा पुष्कळ बारीक लागलं की जवळपास आलात. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बारीक करायचं ते मोटर चालू असतानाच, नाहीतर चकत्यांमध्ये अडकलेले कण रिंगला पुढे जाऊ देत नाहीत. तसंच खुणेवर नेहमी एकाच बाजूने या. मी जाडीकडून बारीककडे येतो. रिंगवर दोन घरं (टप्पे) पुढे गेलो तर सरळ मागे येऊन थांबत नाही. आणखी थोडं मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो. स्क्रूच्या प्रत्येक आट्यात किंचित ढिलाई असते, आम्ही तिला बॅकलॅश म्हणायचो, आणि तिच्यामुळे तीच खूण दोन बाजूंनी दोन वेगळी अंतरं देते. घरी ‘काल हीच सेटिंग छान होती, आज काय झालं’ अशी जी कुरकुर ऐकू येते, तिच्यातली बरीच या एका कारणाने असते.

पहिला शॉट. मशीन पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायची मूठ) लावून नीट तापू द्या. बिया १८ ग्रॅम, कपात कॉफी ३६ ग्रॅम, वेळ पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण तपासणीला एक ठरलेलं माप लागतं. दळण बास्केटमध्ये आलं की बारीक सुईने तळापर्यंत ढवळा (बुचात तीन-चार पातळ सुया खोचल्या की झालं), गुठळ्या मोडा आणि सपाट दाबा. किती जोराने दाबता याला लोक अवाजवी महत्त्व देतात. दाब पुरेसा आणि पृष्ठभाग सपाट, एवढं पुरे. ३६ ग्रॅम पंधरा सेकंदांतच आले तर बारीक करा, चाळीसच्या पुढे गेले तर जाड. वजनांना हात लावू नका. आणि प्रत्येक बदलानंतर तीन ते पाच ग्रॅम दळून फेका, कारण मार्गात आधीच्या खुणेचं दळण अडकलेलं असतं. ते न फेकता काढलेला शॉट जुन्या आणि नव्या खुणेची खिचडी असतो, त्यावरून काहीच कळत नाही.

वेळ पट्ट्यात आली की थांबा. हात रिंगवरून काढा. आता त्याच खुणेवर एकापाठोपाठ तीन-चार शॉट काढा आणि वेळा लिहून ठेवा. २७, २९, २८ आले तर यंत्राला सलाम. २४, ३३, २७ असे आले तर लगेच यंत्राला शिव्या घालू नका, आधी आपले हात तपासा. उघड्या तळाचा पोर्टाफिल्टर असेल तर वाकून खाली बघा. नीट शॉटमध्ये पहिले काही सेकंद काहीच होत नाही. मग तळभर गडद थेंब जमतात, मध्याकडे सरकतात आणि त्यांची एक धार होते. एका कडेने पिचकारी उडाली तर पाण्याने पकमधून (दाबून बसवलेल्या कॉफीच्या थरातून) चोरवाट काढली आहे, आणि त्याचं कारण बहुधा ढवळणं किंवा दाबणं. पक सारखा असूनही वेळा विखुरत असतील तर मग ग्राइंडरकडे वळा.

तिथे पहिली शंका वजनाची. १८.० टाकले आणि १७.४ निघाले, पुढच्या वेळी १८.३, असं होत असेल तर आत कॉफी अडकते आणि मनाला येईल तेव्हा सुटते. टायमरवर डोस देणारं यंत्र असेल तर टायमर विसरा आणि बिया तोलूनच टाका. संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की तेवढ्याच सेकंदांत दळण कमी पडू शकतं.

दुसरी शंका चकत्यांची. सपाट चकत्यांची एक जुनी फिटर चाचणी आहे. प्लग काढा, चकतीच्या बाहेरच्या कडेवर व्हाइटबोर्ड मार्करने शाई लावा, हाताने फिरवत दोन्ही चकत्या टेकवा आणि उघडून बघा. शाई सगळीकडून पुसली गेली तर समांतर. एकाच बाजूची गेली तर चकती कललेली. दुरुस्तीला खालच्या बाजूने अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा सारतात. घरातली फॉइल साधारण १० ते २० मायक्रॉनची असते, म्हणजे शिम (फटीत सारायची पातळ पट्टी) म्हणून अगदी योग्य. पण शॉट एकसारखे येत असतील तर हे करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला कळवा.

ज्या यंत्रांची रिंग टकटक करत घराघराने सरकते त्यांची आणखी एक परीक्षा घ्या. एका घराने वेळ किती बदलते? तीन-चार सेकंद, तर उत्तम. एका घरावर २१ आणि पुढच्यावर थेट ३८ येत असेल, तर यंत्राचं लघुतम माप एस्प्रेसोला अपुरं आहे. डोस ०.३–०.५ ग्रॅम वरखाली करून अधलं उत्तर गाठता येतं, पण रोज सकाळी पोह्यांच्या आधी ही कसरत कुणाला हवी?

दळण भांड्याला चिकटणं, सालपटं ओट्यावर उडणं, हा दोष यंत्रापेक्षा हवेचा जास्त. माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे फार होतं. चमच्याचा दांडा ओला करून बियांत एकदा फिरवा, तो एक थेंब पुरतो. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणाऱ्यांबरोबर हे मोजून पाहिलं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं: थोड्या पाण्याने विद्युतभार घटतो, गुठळ्याही कमी होतात. पावसाळ्यात ही गरज पडत नाही. तेव्हा खूण मात्र पुन्हा शोधावी लागते.

चवीकडे आता या. आंबट आणि पातळ लागली तर किंचित बारीक करा. कडू आणि जीभ ओढणारी तुरट लागली तर जाड. वेळ बरोबर असून एकाच घोटात आंबटही आणि तुरटही लागत असेल, तर दळणात जाडं-बारीक फार मिसळलंय किंवा पाण्याने चोरवाट काढलीय. आधी दुधाशिवाय चाखा, दूध पुष्कळ पाप झाकतं.

जुना ग्राइंडर घरात असेल तर दोघांवर वेगवेगळी खूण शोधा, दोन्हीकडे १८ ला ३६ आणि वेळ सारखी ठेवा. मग तीन कप: दोन एका यंत्राचे, एक दुसऱ्याचा. आमच्याकडे सौ. कपाच्या बुडाला टिकली चिकटवते, लाल जुन्याची, मरून नव्याची, आणि ट्रे फिरवून आणते. वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून खेळ पुन्हा पुन्हा खेळा, आणि शॉट कोमट झाल्यावर चाखा. ओळखताच येत नसेल तर नव्या यंत्राचे पैसे चवीसाठी गेलेले नाहीत. आवाज, वेग किंवा सोय यांसाठी ते ठेवायचं का, एवढंच ठरवा.

परत करण्याजोगे दोष मोजके आहेत: शून्यापर्यंत जाऊनही शॉट पंधरा सेकंदांत धावणं, हात सारखा असूनही वेळा विखुरणं, चालू असताना रिंग आपोआप सरकणं, आणि १८ ग्रॅममध्येच मोटर दमून जळका वास येणं. यातलं काही दिसलं तर व्हिडिओ काढा, वेळांची वही जोडा आणि परतीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला पाठवा.