सोडियम-पोटॅशियम पंप हाताने चालवून पाहा

सक्रिय वहन, म्हणजे पेशीने ऊर्जा खर्चून कण उताराविरुद्ध नेणं, शिकवताना फळ्यावर सोडियम-पोटॅशियम पंपाचं चित्र काढणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. चित्रात पंप आरपार बोगद्यासारखा दिसतो आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, मागून ढकलणाऱ्या हातासारखं. या दोन्ही चुका एकदा डोक्यात बसल्या की निघता निघत नाहीत. म्हणून मी बटणं वापरते.

निळी बारा, पिवळी बारा घ्या. निळी सोडियमची, पिवळी पोटॅशियमची. कागदावर आडवी रेघ मारा, हे पेशीपटल. रेघेखाली पेशीचा आतला भाग, वर बाहेरचा. दोन्हीकडे सहा-सहा निळी आणि सहा-सहा पिवळी मांडा. रेघेवर दोन पेन्सिली अशा ठेवा की त्यांची वरची टोकं चिकटलेली आणि खालची फाकलेली असतील. हा आपला पंप, म्हणजे पटलात बसलेलं एक प्रथिन; आत्ता त्याचं तोंड आतल्या बाजूला आहे.

या आकारात प्रथिनाची सोडियमवर पकड घट्ट असते. तीन निळी बटणं पेन्सिलींमध्ये सरकवा. आता आतल्या बाजूने एटीपी येतं, आपला एक फॉस्फेट प्रथिनाला चिकटवतं आणि एडीपी होऊन निघून जातं. फॉस्फेट म्हणून कागदाचा कपटा पेन्सिलीवर ठेवा. एटीपीचं काम एवढंच. सोडियमला ते हातही लावत नाही, फॉस्फेट चिकटल्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो.

इथे घाई करू नका. आधी खालचं तोंड मिटा आणि क्षणभर थांबा: सोडियम पंपात कोंडलेलं आहे, दोन्ही दारं बंद. मगच वरचं उघडा. दोन्ही एकदम उघडली तर आयन (हे प्रभारित कण) जास्त गर्दीकडून कमी गर्दीकडे, म्हणजे उतारावरून, सुसाट वाहतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. विद्यार्थ्यांकडून मी हा टप्पा पुन्हा पुन्हा करून घेते, कारण पंप आणि वाहिनी (उघडली की आरपार मोकळी वाट) यांतला फरक इथेच आहे.

वरचं तोंड उघडलं की सोडियमवरची पकड सैल होते. निळी बाहेर ठेवा. आता पकड पोटॅशियमवर आहे, दोन पिवळी घ्या. कपटा काढा. फॉस्फेट सुटला की वरचं तोंड मिटतं, खालचं उघडतं, पिवळी आत येतात.

आणखी एक फेरी करा आणि मोजा. आत बारा बटणं होती, आता दहाच आहेत. प्रत्येक बटण म्हणजे एक धन प्रभार. दर फेरीला तीन बाहेर आणि दोन आत, म्हणून आतला एक धन प्रभार घटतो. हे मी सांगत नाही, मोजणाऱ्यालाच सापडू देते.

खऱ्या प्राणिपेशीत सोडियम आत लिटरमागे साधारण 12 मिलिमोल असतं, बाहेर 145. पोटॅशियम आत 140, बाहेर जेमतेम 4. आयन सतत झिरपत असतात, त्यामुळे पंपाला थांबता येत नाही. हा पंप म्हणजे एटीपी वापरणारं विकर; ते डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काउ यांना खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंत सापडलं. ते काम 1957 साली प्रसिद्ध झालं, आणि नोबेल मिळालं 1997 साली.

आता माझा सर्वांत आवडता भाग. बाहेर सहा पांढरे मणी ठेवा, हे ग्लुकोज. आतड्याच्या पेशीत एक सहवाहक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आत येताना एक ग्लुकोज बरोबर घेतं. इथे एटीपी थेट लागत नाही, पंपाने केलेली सोडियमची साठवण खर्च होते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली ही कल्पना मांडली. अतिसारात दिल्या जाणाऱ्या ओआरएसमध्ये मीठ आणि साखर एकत्र असते ती यामुळेच: 2002 पासूनच्या सूत्रात लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल. सोडियम आणि साखर आत गेली की मागोमाग पाणी जातं.

पंप बंद ठेवून दोन निळी आणि एक मणी, असं आत नेत राहा. तिसऱ्या फेरीनंतर निळी दोन्हीकडे सहा-सहा होतात. प्रभाराची ओढ या खेळात धरलेली नाही, त्यामुळे उतार इथेच संपतो. आत तीन मणी पोहोचलेत, उरलेल्या तिघांसाठी पेन्सिली पुन्हा हातात घ्याव्या लागतील.