थीसिससाठी जुनं नाशिक घेताय? मग वर्षभर तिथे जा

आर्किटेक्चरच्या थीसिसचा, म्हणजे शेवटच्या वर्षीच्या डिझाइन प्रकल्पाचा, विषय ठरवायची वेळ आली तेव्हा वर्गात विमानतळ, म्युझियम, रिसॉर्ट अशी नावं निघत होती. मी जुनं नाशिक घेतलं. गावठाणातला हा भाग माझं आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत ज्या वाड्याच्या चौकात आम्ही खेळायचो, तिथे आज पत्रे मारलेला मोकळा प्लॉट आहे. ही वस्ती पुन्हा नांदती व्हावी असं मला फार वाटतं. माझ्यामागून आर्किटेक्चरला येणाऱ्या आणि असंच काही मनात असणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

पहिल्या रिव्ह्यूला मी गल्लीचा दर्शनी भाग दुरुस्त करून दाखवला होता. सागवानी खांब, दारांवरच्या गणेशपट्ट्या, खाली तांब्यापितळेची दुकानं, वर कॅफे. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना, आवडलं. तीच शीट मी तांबट आळीतल्या एका काकांना दाखवली. त्यांनी हातोडी बाजूला ठेवली, शीट नीट पाहिली आणि विचारलं, "पोरी, यात संडास कुठंय?"

त्या प्रश्नानंतर मी घरोघर तेवढंच विचारत फिरले. किती बिऱ्हाडांत मिळून एक संडास, पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावता, म्हाताऱ्या माणसांना तो लाकडी जिना चढवतो का. पाथर्डी फाट्याला किंवा गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन गेलेल्या मुलांना वाडा नकोसा झाला नव्हता, लग्नानंतर रात्री कंदील नाहीतर मोबाईलचा उजेड घेऊन परसात जाणं नकोसं झालं होतं. म्हणून माझ्या आराखड्यात आता सगळ्यात आधी काय येतं, तर परसाच्या बाजूला एकावर एक घेतलेले संडास-बाथरूम आणि त्यांचा एकच उभा पाइप. जुन्या भिंतीवर भार न टाकता ते वेगळं उभं करता येतं.

मोजमाप स्वतः करा. वाड्यात एकही कोपरा काटकोनात नसतो, त्यामुळे प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण टेपने घ्यावेच लागतात. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे बोटाने ठोकून पाहा. एका आजींनी मला हे शिकवलं. मधे टणक आवाज, भिंतीजवळ पोकळ. वर पन्हळ फुटलेली, बाहेरून मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटमुळे ती आत कोंडते आणि लाकूड टोकाकडून कुजत जातं. वाडा पावसाळ्यात एका रात्रीत पडला असं आपण म्हणतो, पण तो कितीतरी वर्षं असा आतून पडत असतो.

धोकादायक इमारतींच्या नोटिसा लागतात तेव्हा त्यात इमारतीचा वर्ग कोणता दिलाय ते नक्की वाचा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे लोकांना न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. रहिवाशांना हा फरक बऱ्याचदा कुणी समजावून सांगितलेला नसतो. 'धोकादायक' एवढाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो. वाडा पडला की आपला हक्क गेला, ही भाडेकरूंची भीती. दुरुस्ती केली की भाडेकरू कायमचा बसला, ही मालकाची. त्यात प्रॉपर्टी कार्डवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, भावकीतली डझनभर नावं. नकाशा काढण्याआधी हे कार्ड सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळवा आणि मालक-भाडेकरू दोघांकडेही चहा प्या.

सर्व्हे एकाच महिन्यात उरकू नका, हे तर मी कळकळीने सांगेन. मी डिसेंबरात तिवंधा चौक मोजला आणि 'मोकळी जागा' म्हणून नकाशात तिथे झाड आणि बसायचा कट्टा दाखवला. रंगपंचमीला गेले तर त्याच जागी पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, उघडलेली, रंगाने भरलेली, आणि पोरं तिच्यात उड्या टाकून धप्पा मारत होती. वर्षभर ती फळ्या आणि मातीखाली झाकलेली असते. माझा कट्टा नेमका तिच्या डोक्यावर होता. तसंच गोदाकाठचं. २००८, २०१६, २०१९ या वर्षांच्या पुरांत पाणी कुठवर आलं ते दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं यावरून माल कधी हलवायचा हे त्यांना कळतं. तळमजल्यावर काय ठेवायचं ते मी त्यांच्याकडूनच ठरवलं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात मोठी कामं होतील. घाटाकडे जाणाऱ्या या गल्ल्यांकडेही त्यातलं थोडं लक्ष वळावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण तोवर थांबायचं कशाला? मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी वर्गणी काढून आजींच्या वाड्याची पन्हळ बदलली, एका जुन्या गवंड्याकडून तेवढ्या भागातलं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करून घेतला आणि कुजलेल्या टोकाखाली सागाचा टेकू दिला. पावसाळा झाल्यावर आजींनी फोन करून बोलावलं. माजघराच्या भिंतीवर हात फिरवून दाखवला. कोरडी होती.

यंदा मृग लागायच्या आत शेजारच्या वाड्याची कौलं चाळायची आहेत. मालक आणि तिन्ही भाडेकरू, चौघेही हो म्हणालेत.