घरच्या माणसाचं व्यक्तिचित्र तैलरंगात कसं रंगवावं

अनोळखी मॉडेलपेक्षा आईचा चेहरा रंगवणं अवघड, कारण हात डोळ्यांऐवजी आठवणीचं ऐकतो. आई दहा वर्षांनी तरुण उतरते, डोळे मोठे होतात, कपाळ आखूड पडतं.

आधी उजेड. खिडकी एका बाजूला ठेवा, ट्यूबलाइट बंद करा. दोन्हीकडून उजेड आला की सावल्या मरतात आणि नाक सपाट होतं. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी आपल्याच मुलीला समोर उभं करून जलरंगात केलेलं ‘ग्लो ऑफ होप’ पाहा, तिच्या हातातल्या दिव्यानेच सगळा चेहरा घडवला आहे. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा. वीस मिनिटांची बैठक, पाच मिनिटं विश्रांती. गप्पा चालू द्या, फक्त ओठ रंगवताना थांबवा.

१६ बाय २० इंची कॅनव्हासवर डोकं सात इंचांचं घ्या, खऱ्यापेक्षा मोठं झालं तर राक्षसी दिसतं. कोळशाने पहिल्यांदा मानेचा कल आणि खांद्यांची रेघ पकडा. ओळखीचा माणूस गर्दीत पाठमोराही ओळखू येतो तो त्यावरूनच. डोळ्यांची रेषा टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मधे येते. प्रत्यक्ष डोळे मात्र शेवटी काढा.

मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी), डोळे किलकिले करून, उजेड आणि सावली एवढे दोनच भाग भरा. दिवसभर वाळू द्या.

त्यावर त्वचेसाठी रंग पाच पुरतात: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम रेड, अल्ट्रामरिन (गडद निळा), पांढरा. सावळी किंवा गव्हाळ त्वचा बिघडते ती पांढऱ्यामुळे. उजेडासाठी नुसता पांढरा मिसळला की ती खडू फासल्यासारखी दिसते. आधी ऑकर आणि किंचित लाल वाढवा, पांढरा अगदी शेवटी. सावलीसाठी सिएनात अल्ट्रामरिन घाला, काळा नको. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पापणीच्या सावलीत असतो, म्हणून तो कपाळावरच्या उजेडापेक्षा गडदच ठेवा.

खालचे थर पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. उलटं केलंत तर वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलला की तडे जातात.

अधूनमधून चित्र आरशात पाहा, वाकडं गेलेलं लगेच दिसतं. बसलेल्या व्यक्तीला चित्र दाखवतानाही आरसा जवळ ठेवा. तिला स्वतःचा चेहरा उलटाच माहीत असतो, त्यामुळे अचूक चित्रही तिला चुकलेलं वाटतं. ‘जमलं का’ हे तिला नव्हे, तिच्या शेजारणीला विचारा.